हजेरीपटाबाहेरची पोरं शोधणाऱ्या अनुताई वाघ

भिवंडी : दिवाळी झाली की तालुक्यातल्या पाड्यापाड्यांवरच्या शाळा अर्ध्या रिकाम्या दिसू लागतात. पावसाळ्यात घेतलेली उचल फेडायला कातकरी आणि वारली कुटुंबं वीटभट्टीवर जातात. आई-बाप माती मळतात, विटा पाडतात, मोठी पोरगी धाकट्याला कडेवर घेऊन झोपडीशी बसते. इकडे शाळेत हजेरीपटावर तिच्या नावापुढे गैरहजेरीच्या खुणा वाढत जातात. मुख्याध्यापकाला माहिती भरायची असते, खिचडीचा हिशोब ठेवायचा असतो, तालुक्याला मीटिंगला जायचं असतं. पोरगी का येत नाही, हा प्रश्न त्या गडबडीत मागे राहतो.

हाच प्रश्न सगळ्यात आधी घेणारी एक बाई आपल्याच जिल्ह्यात होऊन गेली. अनुताई वाघ. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा वेगळा झाला, त्याआधी भिवंडी आणि डहाणू एकाच ठाणे जिल्ह्यात होते. भिवंडीहून वाडा-मनोर रस्त्याने हायवेला लागायचं, चारोटीवरून डहाणूकडे वळायचं आणि पुढे घोलवडच्या बाजूला जायचं. तिथे कोसबादची टेकडी आहे. त्या टेकडीवर अनुताईंनी आयुष्याची शेवटची पस्तीस वर्षं काढली. २७ सप्टेंबर १९९२ ला त्या गेल्या.

तेराव्या वर्षी लग्न, मग वैधव्य

अनुताईंचा जन्म १७ मार्च १९१० चा, पुणे जिल्ह्यातल्या मोरगावचा. मोरगाव म्हणजे अष्टविनायकातल्या मोरेश्वराचं गाव. त्या काळच्या रीतीप्रमाणे तेराव्या वर्षी लग्न लागलं आणि सहा महिन्यांतच नवरा वारला. संसार म्हणजे काय हे कळायच्या आधीच विधवेचा शिक्का बसला. तेव्हा अशा मुलीच्या वाट्याला काय यायचं ते जुन्या माणसांना सांगायला नको. माजघराचा कोपरा, सगळ्यांच्या आधी उठणं आणि कोणाच्या शुभकार्यात पुढे न येणं.

अनुताईंच्या घरच्यांनी मात्र त्यांना शिकू दिलं. मराठी शाळेची व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे तेव्हाची सातवी झाली. मग पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजातून १९२९ मध्ये त्या शिक्षिका होऊन बाहेर पडल्या. पहिली नोकरी नाशिक जिल्ह्यात चांदवडला. पुढे १९३३ पासून पुण्याच्या हुजूरपागेत. हुजूरपागा ही मुलींची नावाजलेली शाळा. दिवसा शिकवायचं आणि रात्रशाळेत बसून मॅट्रिकचा अभ्यास करायचा, असं करून त्यांनी मॅट्रिकही काढली.

एकट्या बाईला अशी पक्की नोकरी म्हणजे त्या काळात मोठा आधार होता. ती सोडून कोणी जंगलपट्टीत जाईल असं कोणाला वाटलं नसतं. अनुताई गेल्या. तेव्हा त्यांचं वय पस्तीस होतं.

ताराबाईंची गाठ

त्याला कारण ताराबाई मोडक. ताराबाई अनुताईंपेक्षा १८ वर्षांनी मोठ्या, जन्म १८९२ चा. राजकोटला मुलींच्या ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य होत्या. ती खुर्ची सोडून १९२३ मध्ये त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याकडे बालशिक्षणाचं काम करायला गेल्या. लहान मुलाला दरडावून, मारून शिकवू नये, त्याला हाताने करू द्यावं, डोळ्याने बघू द्यावं, ही दिशा त्यांना तिथे पक्की मिळाली. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ निघाला. १९३६ पासून मुंबईत दादरला शिशुविहार चालू झाला.

पण शहरातल्या बालवाडीत शहरातलीच पोरं यायची. खेड्यातल्या पोराचं काय, हा विचार ताराबाईंना स्वस्थ बसू देईना. इटलीच्या मॉन्टेसोरीबाईंची पद्धत चांगली होती, पण त्यातली साधनं महागडी. ती कुठल्या खेड्याला परवडणार? यातून वाट काढायला १९४५ मध्ये समुद्रकाठच्या बोर्डी गावात ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झालं. त्याच सुमारास अनुताईंची आणि ताराबाईंची गाठ पडली आणि अनुताई बोर्डीला आल्या. पुढची २८ वर्षं, १९७३ मध्ये ताराबाई जाईपर्यंत, दोघींनी बरोबर काम केलं.

ज्या वर्षी केंद्र निघालं ते वर्षही साधं नव्हतं. १९४५ मध्येच तलासरी-डहाणू भागातले वारली गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर यांच्याबरोबर उभे राहिले. सावकार-जमीनदारांची वेठबिगारी नाकारली. लग्नाच्या कर्जापायी नवरा-बायको दोघंही मालकाकडे राबायचे, त्याला लग्नगडी म्हणत. तेही मोडायचं ठरलं. अशा मुलखात शाळा काढायची म्हणजे नुसती पाटी-पेन्सिल देऊन भागणार नव्हतं. ज्याच्या बापाची कमाई मालक ठरवतो, त्या पोराच्या शिक्षणाचा निर्णय तरी घरात कुठून होणार?

अंगण हीच शाळा

बोर्डीत बालवाडी उघडली. गावातली बऱ्या घरची पोरं आली. गावकुसाबाहेरच्या वस्तीतली आली नाहीत. अस्पृश्यता तेव्हा उघड पाळली जायची. बोलावलं तरी आई-बाप पोर पाठवायला धजत नसत, आणि त्यांना दुपारभर कामावर जायचं असल्यामुळे पोचवायला-आणायला माणूसही नसायचं.

दुसरी एखादी शाळा इथे थांबली असती. वस्तीतल्या लोकांना शिक्षणाची आवडच नाही, असा शेरा लिहून मोकळी झाली असती. ताराबाई आणि अनुताईंनी उलटं केलं. शाळा उचलली आणि वस्तीत नेली. साधनांची पेटी घ्यायची, एखाद्या घरासमोर सारवलेलं अंगण बघायचं, झाडाची सावली बघायची आणि तिथेच पोरं गोळा करायची. साधनं म्हणजे तरी काय? समुद्राचे शिंपले, गुंजा, चिंचोके, खडे, पानं, काड्या. मोजायला चिंचोके, रंग ओळखायला पानं-फुलं, बोट वळवायला मातीचं चित्र. महाग असं त्यात काही नव्हतं.

अंगणात भरणारी वाडी म्हणून तिचं नाव अंगणवाडी पडलं. पुढे २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू केली, तेव्हा गावातल्या केंद्राला हेच नाव दिलं. आज उत्तर भारतातल्या खेड्यातही लोक अंगनवाडी म्हणतात. तो शब्द आपल्या समुद्रकाठच्या अंगणातून गेलेला आहे.

अंगणात शाळा भरवण्याचा आणखी एक फायदा झाला. शिकवणाऱ्या बाईला घर दिसलं. चूल पेटलीय का, घरात आजारी कोण आहे, पाणी कुठून आणतात, पोराच्या अंगावर खरूज का आहे, बाप संध्याकाळी कसा येतो. वर्गात बसून यातलं काहीच कळलं नसतं. अनुताईंचं खरं शिक्षण इथे झालं असं म्हणायला हरकत नाही.

कोसबादची टेकडी

१९५७ मध्ये केंद्र बोर्डीहून आत, वारली वस्तीत कोसबादला हललं. इथे अडचणी आणखी वेगळ्या निघाल्या. पांढऱ्या साडीतली शिकलेली बाई दिसली की पोरं झाडीत पळायची. शाळा कशाला हेच आई-बापांना कळत नव्हतं, आणि त्यात त्यांचा दोष नव्हता. शिकून त्यांच्यातलं कोणी कुठे पोचलेलं त्यांनी बघितलंच नव्हतं. वरून शाळेतली भाषा पुस्तकी मराठी आणि घरातली वारली. पोर आलं तरी त्याला बाई काय बोलतात ते समजत नसे.

अनुताई एकेक अडचण घेऊन बसल्या. भाषेची अडचण आली तर स्वतः वारली बोलायला शिकल्या. पोरांना आधी त्यांच्याच बोलीतल्या गोष्टी, गाणी आणि नाच, मग हळूहळू पुस्तकातली मराठी. पोरं येत नाहीत तर सकाळी पाड्यावर जाऊन त्यांना घेऊन यायचं. आल्यावर आंघोळ, केस विंचरणं, नखं काढणं, खरजेला औषध लावणं, पोटात काही घालणं. हे झाल्यावर शिकवायचं. ज्या पोराला अंग खाजतंय आणि भूक लागलीय त्याला अक्षर गिरवायला बसवण्यात अर्थ नसतो, हे त्यांना दिसलं होतं.

मग लक्षात आलं की मोठ्या मुली तरीही येत नाहीत. कारण साधं होतं. आई मजुरीला गेली की तान्हं मूल मोठ्या बहिणीच्या गळ्यात. ही सात-आठ वर्षांची पोरगी शाळेत आली तर बाळाला कोण बघणार? अनुताईंनी शाळेच्या शेजारीच पाळणाघर काढलं. पोरीने येताना भावंडाला घेऊन यायचं, ते पाळण्यात ठेवायचं आणि स्वतः वर्गात जायचं. मधला भाऊ बालवाडीत. म्हणजे एका घरातली तिन्ही पोरं एकाच आवारात.

पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र असलेल्या या रचनेला विकासवाडी म्हणतात. कोसबादच्या कामातली ही सगळ्यात मोठी गोष्ट. तीन योजना एका कुंपणात आणल्या एवढंच तिचं मोल नाही. एका आईच्या दिवसाचा हिशोब मांडून ती शाळा बांधली गेली होती. शिवाय बालवाडीतलं मूल रोज शेजारचा पहिलीचा वर्ग बघायचं, त्यामुळे पहिलीत जाताना त्याला परकं वाटत नसे. पहिलीच्या बाईलाही मूल आधीपासून माहीत असायचं.

गुरामागे गेलेली शाळा

एवढं करूनही काही पोरं उरलीच. गुराखी. सकाळी गुरं सोडायची आणि सांजेला परत आणायची. घरच्या भाकरीचा एक वाटा या पोराच्या कामावर अवलंबून असायचा. त्याला शाळेत बसवलं तर गुरं कोण बघणार आणि मालकाला काय सांगणार?

त्यांच्यासाठी कुरणशाळा निघाली. गुरं चरतात तिथे शिक्षकाने साधनं घेऊन जायचं. गुरं चरायला लागली की पोरं झाडाखाली जमायची. एक डोळा गुरांवर, एक पाटीवर. शेजारचंच झाड, किडा, दगड, ओढा यांच्यावरून धडा. आणि दिवसभर राबणाऱ्या मोठ्यांसाठी रात्रीचे वर्ग. पोराचं काम चुकीचं आहे, बालमजुरी थांबली पाहिजे, हे अनुताईंना कळत नव्हतं असं नाही. पण ती थांबेपर्यंत पोराने अडाणी राहायचं का, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता.

यातून सगळं सुटलं असं नाही. गरिबी होती तिथेच होती. दुष्काळी दिवसांत, लावणी-कापणीला, स्थलांतराच्या हंगामात पोरं गळायची आणि शिकवलेलं विसरून परत यायची. काहींची लग्नं लवकर व्हायची. दारू होतीच. एका केंद्राने अख्ख्या मुलखाचं दुःख हटत नसतं. पण जे पोर शाळेतून गळलं त्याचं कारण तिथे माहीत असायचं, आणि कारण माहीत असलं की पुढच्या वर्षी काहीतरी करता यायचं.

डोक्यावर बाई नसताना

३१ ऑगस्ट १९७३ ला ताराबाई गेल्या. त्यांना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळालं होतं, नाव देशभर झालेलं होतं. आता केंद्राची सगळी जबाबदारी अनुताईंवर आली. त्यांचं वय ६३. बहुतेक शिक्षक त्या वयात पेन्शनवर असतात.

प्रमुख झाल्यावर माणूस बदलतो. वर्गातून ऑफिसात जातो, पाड्यावर जायचं थांबतो, कागदावरून शाळा चालवू लागतो. अनुताईंच्या बाबतीत तसं झालं नाही. त्या टेकडीवरच राहिल्या. बालवाडीसाठी गावागावातल्या बायकांना शिकवून तयार करायचं काम केंद्रात चालायचं. शिक्षणपत्रिकेचं संपादन त्यांनी केलं. मुलांसाठी आणि शिक्षकांसाठी पुस्तकं लिहिली. कोसबादच्या टेकडीवरून हे त्यांचं आत्मचरित्र मराठीत पुष्कळांनी वाचलेलं आहे. पुढच्या काळात ठाणे जिल्ह्यातल्या बायकांच्या प्रश्नांतही त्या उतरल्या. कारण पोराचा प्रश्न धरला की तो आईच्या प्रश्नापाशी येऊन थांबतो, हे त्यांनी तीस वर्षं बघितलं होतं.

स्वतःचं शिकणंही त्यांनी सोडलं नव्हतं. मॅट्रिक रात्रशाळेतून झालेली ही बाई पन्नाशी ओलांडल्यावर बी.ए. झाली. १९८५ मध्ये सरकारने त्यांना पद्मश्री दिली. तरी राहणं टेकडीवरच आणि काम तेच.

आज भिवंडीत याचं काय?

समग्र हा शब्द हल्ली शाळेत रोज कानावर पडतो. २०१८ पासून सरकारची समग्र शिक्षा योजना आहे. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने मुलांसाठी समग्र प्रगतीपत्रक आणलं. त्याच धोरणाने तीन ते आठ वर्षं वयाचा एकच पायाभूत स्तर धरला. अंगणवाडीची तीन वर्षं आणि पहिली-दुसरी एकत्र. कोसबादला बालवाडी आणि पहिली एका आवारात आणून हेच साठ वर्षं आधी करून बघितलं होतं.

फरक एवढाच की अनुताईंनी समग्र हा शब्द घेऊन सुरुवात केली नाही. त्यांनी गैरहजर पोराच्या घरापासून सुरुवात केली. पोर का आलं नाही, तर बाळ सांभाळतं. मग पाळणाघर. पोर का आलं नाही, तर गुरं राखतं. मग कुरणशाळा. पोर आलं पण बोलत का नाही, तर भाषा कळत नाही. मग वारलीतून गोष्टी. एका प्रश्नाच्या मागे चालत गेलं की भूक, आजार, मजुरी, भाषा, जात, आईचं काम हे सगळं आपोआप एका धाग्यात येतं.

आपल्या तालुक्यात हे धागे आजही मोकळे पडलेले दिसतात. अंगणवाडी एका खात्याकडे, शाळा दुसऱ्या, आरोग्य उपकेंद्र तिसऱ्या. अंगणवाडीताईला ठाऊक असतं की अमुक पोराचं वजन भरत नाही. तेच पोर पहिलीत गेल्यावर गुरुजींना ते ठाऊक नसतं. आशाताईला घरात आजारी कोण ते माहीत असतं, पण शाळेत कोणी तिला विचारत नाही. अंबाडी-दुगाडच्या बाजूचा पाडा असो की शहराला लागून यंत्रमाग आणि गोदामाच्या मजुरांच्या चाळी असोत, पोर तेच, फक्त त्याचे तुकडे वेगवेगळ्या रजिस्टरात.

भट्टीवर जाणाऱ्या मुलांसाठी प्रयत्न झालेच नाहीत असं नाही. विधायक संसदेने या पट्ट्यातल्या वीटभट्ट्यांवर भोंगा शाळा चालवल्या, भट्टीवरच झोपडीत वर्ग भरवले. कुरणशाळेचीच ती बहीण म्हणायची. सरकारनेही बाहेरगावी जाणाऱ्या मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड काढलं. पण कार्ड पोराच्या हातात पडायला ते पोर कुठल्या भट्टीवर जाणार हे आधी कोणाला तरी माहीत पाहिजे. ते दिवाळीनंतर विचारून उपयोग नाही. उचल पावसाळ्यातच घेतलेली असते, म्हणजे घर उठणार हे पाड्याला दोन-तीन महिने आधी कळलेलं असतं.

यासाठी मुख्याध्यापकाला नवीन जीआर लागत नाही. गणपतीच्या सुमारास एक दिवस पाड्यावर फेरी मारायची. बरोबर अंगणवाडीताई आणि आशाताई घ्यायच्या, शाळा व्यवस्थापन समितीतला एखादा पालक घ्यायचा. कुठलं घर जाणार, कुठे जाणार, बरोबर किती पोरं, त्यातलं तान्हं कोण सांभाळणार, आजीपाशी कोणी राहू शकेल का, हे चार ओळीत लिहून घ्यायचं. त्या यादीवरून तिकडच्या शाळेला फोन करता येतो. एखादं पोर मागे ठेवून घेता येतं. गावानेही गुरुजींवर सगळं टाकून चालणार नाही. सरपंचापासून भट्टीमालकापर्यंत प्रत्येकाला आपल्या गावातलं कुठलं पोर शाळेत नाही ते माहीत असायला हवं.

कामाचं ओझं शिक्षकांवर आहे, यात वाद नाही. दोन शिक्षकी शाळेत एक मीटिंगला गेला की दुसऱ्यावर चार वर्ग पडतात. अनुताईंकडेही माणसं आणि पैसा कधी भरपूर नव्हता. त्यांनी फक्त कामाचा क्रम ठरवलेला होता. आधी न आलेलं पोर, मग बाकीचं.

कोसबादला अनुताईंचं काम आजही बघायला मिळतं. तालुक्यातल्या शाळांच्या सहली रिसॉर्टला जातात. कधी शिक्षकांची एक गाडी त्या टेकडीवर नेऊन बघायला हरकत नाही. परत आल्यावर दुसऱ्या दिवशी हजेरी घेताना ज्याच्या नावाला कोणी ओ देत नाही, त्याच्या घरी संध्याकाळी एक चक्कर मारली, तरी ती गाडी वाया गेली नाही म्हणायचं.